मिश्र वर्गात सेल्फ-लीडरशिप : कोर्स झाला आणि गुण घसरले

खडूफळा
पदवीच्या दुसऱ्या वर्षाला माझा सेल्फ-लीडरशिपचा (स्वतःच स्वतःला दिशा देण्याचा) आठ आठवड्यांचा कोर्स आहे, आठवड्याला दोन तास. पुण्यातलं कॉलेज. वर्गात ३६ जण : २६ बहुतेक मराठवाडा-विदर्भातले, १० परदेशी (अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इथिओपिया). हॉटन आणि नेक या संशोधकांची सेल्फ-लीडरशिप मोजणारी २००२ सालची ३५ विधानांची प्रश्नावली पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात भरून घेतली, तर शेवटची सरासरी आधीपेक्षा खाली! आपल्या मुलांची तर जास्तच घसरली. शिवाय ‘माझं ध्येय’ या तक्त्यात निम्म्या वर्गाने ‘एमपीएससी’ नाहीतर ‘आईवडिलांचं स्वप्न’ लिहिलंय. पुढच्या सत्रात काय बदलू?

मोजपट्टी
घसरण म्हणजे कोर्स फसला असं लगेच धरू नका. ‘मी माझ्या कामावर लक्ष ठेवतो’ या विधानाला पहिल्या आठवड्यात मुलं पाचपैकी बिनदिक्कत ४-५ ठोकतात. नोंदी ठेवायला लागल्यावर लक्ष ठेवणं किती किचकट असतं ते कळतं आणि तीच मुलं ३ वर येतात. मूल तेच, पण स्वतःला जोखायची फूटपट्टी बदलली. म्हणून शेवटच्या आठवड्यात एकाच कागदावर दोन रकाने द्या : ‘आज’ आणि ‘आता मागे पाहता, कोर्सआधी’. यातही सरांना खूश करण्याचा मोह असतोच. तेव्हा कागदावर नाव नको, स्वतः निवडलेला सांकेतिक आकडा चालेल, आणि गोळा करणारी व्यक्ती गुण देणारी नसावी. सोबत एक गोष्ट खरोखर मोजा, उदाहरणार्थ किती असाइनमेंट शेवटच्या दिवसाआधी आल्या.

आणि देशी-परदेशी सरासऱ्यांची तुलना सोडा. काहींना टोकाचे आकडे द्यायची सवय असते, काहींना मधले. शिवाय जो तो स्वतःला आपल्या आसपासच्या लोकांशी ताडून पाहतो. दहा जणांच्या गटात दोघांनी मनाविरुद्ध भरलं तरी सरासरी हलते. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करा. ३५ विधानं परक्या भाषेत जड जात असतील तर २०१२ ची नऊ विधानांची छोटी आवृत्ती आहे, मात्र तिच्यात उपघटकांचा तपशील मिळत नाही.

रानवारा
एमपीएससी लिहिलं म्हणून बिघडलं कुठे? सेल्फ-लीडरशिपची कल्पना मांडणाऱ्या मान्झने १९८६ च्या लेखात काम ‘कसं’ करायचं याच्या पुढे जाऊन ‘काय’ आणि ‘का’ हेही स्वतः ठरवण्यावर भर दिला, हे खरं. पण पहिल्याच तासाला ‘का’ विचारलं की घरात ऐकलेलं उत्तरच कागदावर उतरतं. क्रम उलटा करा, ध्येयाचा तक्ता सातव्या आठवड्यात.

आठवडा १-२ : फक्त निरीक्षण. अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता, तीन दिवस, त्यात एक रविवार. सल्ला शून्य.

आठवडा ३ : एकच ‘जर-तर’ वाक्य : जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन. (ही युक्ती मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झरची.) ‘रोज अभ्यास करीन’ चालणार नाही. ‘मेसमधून जेवून उठलो की खोलीवर न जाता थेट रीडिंग रूम, संख्याशास्त्राची पाच गणितं’ हे चालेल. तीन वाक्यं एकदम घेतली की तिन्ही बारगळतात. ‘जर’ची खूण घड्याळाची नको, रोज आपोआप घडणाऱ्या गोष्टीची हवी, कारण हॉस्टेलवर मेस आणि पाणी दोन्ही वेळ पाळत नाहीत. नमाज पढणाऱ्या मुलांकडे अशी खूण तयारच असते. तिथेही वाक्य नमाजला जोडा, ७ वाजण्याला नाही, कारण वेळ ऋतूप्रमाणे सरकते.

आठवडा ४ : सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच गाळला जातो. दोन आकडे काढायला लावा : सहा दिवसांत ‘जर’ किती वेळा घडलं, आणि त्यांपैकी ‘तर’ किती वेळा झालं. ‘जर’च दोनदा घडलं असेल तर खूण चुकली, ती बदला. ‘जर’ सहादा आणि ‘तर’ एकदा, तर काम मोठं होतंय. पाचाची दोन गणितं करा. इच्छाशक्तीवर भाषण देऊ नका. ५-६ मध्ये हेच पुन्हा.

प्रश्नावलीत स्वतःला शिक्षा करण्याचाही भाग आहे. तो शिकवू नका, आपल्या मुलांना तो शाळेपासून पाठ असतो.

बाराखडी
रानवारांचे दोन आकडे वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. चारचौघांत शून्य सांगण्यापेक्षा मुलं सरळ खोटं सांगतील. जोडीदाराला दाखवणं पुरे. जोडी शक्यतो एकाच हॉस्टेलमधली असावी, देश बघून लावलेल्या जोड्या भेटतच नाहीत. स्वतःला बक्षीस देणंही एकट्याने जमत नाही म्हणतात बरेच जण. शनिवारी चौघांनी मिळून चहा-भजी ठेवा, चालतं.

देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेडच्या मापनात सत्ता-अंतर (वरच्या-खालच्यांतली दरी लोक किती मान्य करतात ते) भारताचं ७७, जर्मनीचं ३५. पण ही देशाची सरासरी, तीही मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांवरून काढलेली. नांदेडच्या मुलीबद्दल त्यातून काही कळत नाही. मात्र सरांकडे अडचण घेऊन जाणं म्हणजे आगाऊपणा, असं अनेकांना वाटतं हे खरं. त्यासाठी चार ओळींचा मेल लिहून घ्या : काय करून पाहिलं, कुठे अडलं, कोणते दोन मार्ग दिसतात, त्यांतला कोणता घेणार. शेवटची ओळ विसरली की मेल ‘सर, आता काय करू?’ इथेच संपतो.

घरच्या निर्णयांबाबत ‘ठाम राहा’ हा सल्ला निरुपयोगी. कोणाशी आधी बोलायचं (बहुधा मामा किंवा मोठी बहीण), काय विचारायचं, कधी, एवढंच लिहू दे.

खडूफळा
आभार! कोर्सला ५० गुण द्यावेच लागतात. कशाला देऊ?

रानवारा
‘तर’च्या आकड्याला एकही नको, नाहीतर रविवारी रात्री बसून आठवडाभराच्या नोंदी भरतील. २० नोंदींना, त्याच दिवशी केलेल्या असतील तर. २० चौथ्या आणि सहाव्या आठवड्यातल्या बदलाला : काय बदललं आणि कोणत्या आकड्यावरून. उरलेले १० बाराखडींच्या मेलला. शून्य वेळा जमलेल्या मुलालाही ५० मिळू शकतात, हे पहिल्याच तासाला सांगून टाका.