जिस्ट : इमॅटिनिबला दाद देईना, ट्रायलमध्ये जावं का?

बाबांची लेक :
बाबांना जठराचा जिस्ट, म्हणजे पचनमार्गात होणारा एक प्रकारचा कर्करोग. ऑपरेशननंतर यकृतात गाठी दिसल्या, पण इमॅटिनिब या कर्करोगावरच्या गोळीच्या ४०० मिलिग्रॅमवर बरीच वर्षं चांगली गेली. आता सीटीत दोन गाठी वाढलेल्या दिसतायत. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या : सुनिटिनिब हे पुढचं औषध सुरू करायचं, नाहीतर तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलसाठी नाव द्यायचं. घरात सगळ्यांना एकच भीती, वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेली गोळी, आली तर? बाबा काहीच बोलत नाहीत. कुणी यातून गेलंय का?

इमॅटिनिबवाला :
ताई, मी गेलोय. मला जिस्टच आहे आणि सध्या ट्रायलमधलंच औषध घेतोय. तुमची भीती मला पूर्ण समजते.

आधी प्लासिबोचं सांगतो. इमॅटिनिबनंतर देण्यासारखं मान्यताप्राप्त औषध आहे, त्यामुळे या टप्प्यावर तुलना साधारणपणे सुनिटिनिबशी होते. प्लासिबो होता तो इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये, पण तिथे इमॅटिनिब, सुनिटिनिब आणि रेगोराफेनिब ही आधीची तिन्ही औषधं घेऊन झालेले रुग्ण होते. आजार वाढला की प्लासिबोवाल्यांनाही तिथलं खरं औषध, रिप्रेटिनिब, घेता येत होतं. तुमच्या संमतिपत्रात तुलना कशाशी आहे आणि गाठ वाढली तर औषध बदलून मिळतं का, एवढं आधी वाचा.

पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. बाबांच्या गाठीतलं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, कोणतं? बहुतेकांत ते किट जनुकात असतं, १९९८ साली ते सापडलं म्हणून तर इमॅटिनिबची वाट उघडली. पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकातलं डी८४२व्ही नावाचं म्युटेशन असेल तर इमॅटिनिब जवळजवळ चालतच नाही, त्यासाठी २०२० पासून अ‍ॅव्हाप्रिटिनिब आहे. बाबांना इमॅटिनिब इतकी वर्षं लागू पडलं, म्हणजे बहुधा किट एक्झॉन ११ (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक भाग) असेल. पण अंदाजावर राहू नका, रिपोर्ट मागा.

आणि गाठ पुन्हा वाढते तेव्हा तिच्यात बरेचदा नवं, दुसरं म्युटेशन आलेलं असतं. इन्ट्रीग ट्रायलमध्ये इमॅटिनिबनंतर रिप्रेटिनिब आणि सुनिटिनिब समोरासमोर दिले. एकूण रुग्णांत रिप्रेटिनिब सरस ठरलं नाही. मग गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएवरून रुग्ण वेगळे काढले, तर एक्झॉन ११ सोबत १७ किंवा १८ मध्येही म्युटेशन असलेल्यांत रिप्रेटिनिबने आजार बराच जास्त काळ रोखला, आणि ११ सोबत १३ किंवा १४ असलेल्यांत सुनिटिनिबने. त्यावरूनच पुढे इनसाइट ट्रायल निघाली. सरासरीत हे दिसलंच नसतं! म्हणून ट्रायलच्या डॉक्टरांना विचारा, बाबांची रक्ततपासणी किंवा नवी बायोप्सी होणार आहे का?

शुश्रूषा :
मी ट्रायलमधल्या रुग्णांची कामं बघते. ‘वॉशआउट’बद्दल नक्की विचारा. नवं औषध सुरू होण्याआधी जुनं किती दिवस बंद ठेवायचं, ते प्रत्येक ट्रायलमध्ये ठरलेलं असतं. तोवर मनाने गोळी थांबवू नका. आणि संमतिपत्रावर सही केल्यावरही बाबा कधीही बाहेर पडू शकतात, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

बाबांची लेक :
दादा, जुना रिपोर्ट फाइलमध्ये सापडला. किट एक्झॉन ११ च आहे. दुसऱ्या म्युटेशनची तपासणी मात्र कधी झालेली नाही.

इमॅटिनिबवाला :
मग सहीच्या आधी तेच विचारा. आणि भेटीला बाबांना घेऊन जा. ट्रायल त्यांची आहे, प्रश्नही त्यांनीच विचारू देत.