मान दुखणे: ट्रॅक्शन की व्यायाम?

मान दुखली की ट्रॅक्शन, म्हणजे वजनाने किंवा मशीनने मान ताणून घेणं, त्याशिवाय ती मोकळी होतच नाही असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. कळ हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर काहींना ट्रॅक्शनचा उपयोग होतो, पण नुसती मान आखडली असेल तर फार काही साधत नाही, आणि आयएफटी (मशीनने दिलेला सौम्य विजेचा प्रवाह), शेक वगैरेने तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

शिवाय इथे सगळे मोबाईल नि लॅपटॉपमुळे दुखणाऱ्या मानेबद्दलच बोलताय, आमच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या विरळणीला बायका दिवसभर मान वर, हात डोक्याच्या वर धरून कात्री चालवतात, माझी वहिनी त्यातलीच. नाशिकच्या फिजिओनी तिला मशीन लावलंच नाही, उताणं झोपवून मानेखाली टॉवेलची घडी दिली आणि हनुवटी हळूच आत घ्यायला लावली, मान डोलावून 'हो' म्हणताना हलते तेवढीच, गळ्याजवळचे वरचे स्नायू ताठ होऊ द्यायचे नाहीत, तरच आतले खोलवरचे कामाला लागतात. सोबत रबरी पट्टा ओढून खांद्याची पाती मागे घ्यायची. वेळ लागला, पण यंदाची विरळणी तिने पूर्ण केली. हातातून वस्तू निसटत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर मात्र व्यायाम राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.