उत्तर: ग्राहक डिलीट झाला, ऑर्डरी मात्र तशाच

एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टेबल बनवताना तुम्ही 'ऑन डिलीट कॅस्केड' (मूळ नोंद गेली की तिच्याशी जोडलेल्या नोंदीही काढा, हा नियम) लिहिलंय, पायथनमधून ग्राहक डिलीटही होतोय, तरी त्याच्या ऑर्डरी मागे राहताहेत. दुसऱ्या एका उत्तरात टेबल नव्याने बनवायला सुचवलंय, तसं करू नका, टेबलमध्ये काही चूक नाही. एसक्यूलाइट मूळ सेटिंगमध्ये फॉरेन की (ऑर्डरीला तिच्या ग्राहकाशी जोडणारा दुवा) तपासतच नाही. प्रत्येक कनेक्शनला वेगळं सांगावं लागतं. कनेक्ट झाल्याबरोबर 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन' ही तपासणी सुरू करणारी आज्ञा चालवा. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) सुरू झाल्यावर ती चालवलीत तर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. हे फार फसवं आहे! आधीच अनाथ झालेल्या, म्हणजे ग्राहकच न उरलेल्या ऑर्डरी 'प्राग्मा फॉरेन_की_चेक' दाखवेल, त्या हाताने काढा. आणि कृपा करून ग्राहक क्रमांक क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) स्ट्रिंगमध्ये जोडू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवून तो वेगळा पाठवा.