बाप्तिस्म्याच्या दोन रीती, मंडळी एकच
उपासनेची पद्धत सगळ्यांची एक झाल्याशिवाय मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शांती नांदणार नाही, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरनही होते, असे वेगवेगळे ख्रिस्ती पंथ. बोलणी १९२९ पासून चाललेली! मोठा पेच बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्यानं मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीचा: तान्ह्या बाळाला द्यायचा, की मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्यावर? शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या, निवड आईवडिलांवर सोडली. बाप्तिस्मा मोठेपणासाठी राखून ठेवणारे बाळाला देवापुढे समर्पित करतात. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, मात्र सगळे एकत्रच येतात.

आमच्या नात्यात दोन्ही रीतींची घरं आहेत. नाताळात कॅरोल गात आम्ही सगळे मिळून आनंदानं फिरतो, बाप्तिस्म्याच्या रीतीवरून वाद झालेला मी ऐकला नाही.