इनोव्हाचं पॉवर स्टेअरिंग ऑइल गळतंय, घरी दुरुस्त होईल का?

डिझेलकट्टा
गाडी इनोव्हा २.५ डिझेल, २०११ मॉडेल. बाटलीतलं स्टेअरिंग ऑइल आठवड्याभरात खालच्या खुणेखाली जातं. सकाळी गाडीखाली लाल डाग दिसतात. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की घूं असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने वरवर बघून रॅक (स्टेअरिंगच्या दांड्याला जोडलेला, चाकं वळवणारा भाग) बदलायला सांगितलाय. अंगणात जागा आहे, जॅक, स्टँड, पाने सगळं आहे. गळती रॅकची की पाईपची, हे घरी कसं ओळखायचं? पाईपच असेल तर स्वतः बदलता येईल का?

पाना_पक्कड
दादा, आधी धुऊन घ्या, मग शोधा. तेल वरून ओघळत सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं, त्यामुळे डाग जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. बाटली, पंप, सगळे पाईप आणि रॅक डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) पुसून कोरडे करा. अल्टरनेटरवर फवारा मारू नका. कोरडं झाल्यावर जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. तेलाची पहिली रेघ पावडरीवर लगेच उमटते.

आता गळती कधी होते ते बघा. त्यावरून अर्धं निदान होतं. गाडी नुसती उभी असताना थेंब पडत असतील, तर संशय बाटली, बाटलीतून पंपाकडे जाणारा पाईप आणि रिटर्न पाईप (रॅककडून तेल बाटलीत परत आणणारा) यांच्यावर. या तिन्हींत दाब फार कमी असतो. इंजिन चालू असताना, त्यातही स्टेअरिंग वळवताना तेल येत असेल, तर प्रेशर पाईप (पंपाकडून रॅककडे जाणारा), त्याचा जोड, पंपाचं सील किंवा रॅक. चाचणीसाठी चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, एक जण स्टेअरिंगवर आणि तुम्ही बॉनेटमधून टॉर्च घेऊन. पूर्ण वळवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तिथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल भराभर तापतं.

प्रेशर पाईपवर बोट फिरवून गळती शोधायची नाही. बारीक चिरेतून सुटलेली धार कातडीत घुसते आणि ती जखम फार वाईट असते. पुठ्ठा धरून बघा.

रॅकची खात्री सोपी आहे. दोन्ही टोकांचे रबरी बूट (आवरणं) इंजिन बंद ठेवून दाबून बघा. आत तेल चुबकत असेल किंवा क्लिप सैल केल्यावर तेल बाहेर आलं, तर रॅकचं सील गेलं. ते काम घरी करू नका. बूट आतून कोरडे असतील तर टोकांची सीलं ठीक आहेत. मग स्टेअरिंगचा दांडा रॅकला मिळतो तिथे एकदा टॉर्च मारा. तिथेही कोरडं असेल तर रॅकचा खर्च तूर्त करू नका.

मॅन्युअल_वाचा
ऑइल कुठलं घालताय? या गाडीला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, डेक्स्रॉन २ किंवा ३. त्याचा रंग लाल, म्हणजे तुमचा डाग जुळतो. घाईत कुणी ब्रेक ऑइल ओतलं तर आतली सीलं फुगून खराब होतात, मग सगळी सिस्टिम उघडावी लागते. गळती बंद करणारी बाटलीबंद औषधं सील फुगवून थोडे दिवस ढकलतात. चिरलेल्या पाईपवर ती चालत नाहीत.

घूं आवाज हवेचा आहे. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो. तसाच चालवला तर आतली पाती घासून पंपच जातो, म्हणून निदान होईपर्यंत रोज पातळी बघत जा.

डिझेलकट्टा
पावडरची युक्ती चालली. बूट आणि रॅक कोरडे. रिटर्न पाईप बाटलीला जिथे बसतो तिथे, क्लिपखाली ओलं आहे. पाईप टोकाला कडक झालाय, वाकवला की बारीक चिरा दिसतात.

पाना_पक्कड
मग काम सोपं आहे. उष्णतेने रबर कडक होतं आणि क्लिपखालची पकड सुटते. पाईपला ढील असेल तर टोक दोन सेंटिमीटर कापून परत बसवता येतं, पण चिरा पडल्यात तर पूर्ण पाईपच बदला.

जुना तुकडा दुकानात घेऊन जा आणि आतला व्यास मोजून घ्या. पाईप तेल सोसणाऱ्या रबराचा, नायट्राइलचा हवा. रेडिएटरचा पाईप अजिबात नको, ते रबर या तेलात फुगून मऊ पडतं. सोबत नव्या क्लिपा आणि दोन लिटर एटीएफ आणा. सिस्टिममध्ये साधारण लिटरभर मावतं, बाकीचं धुण्यात जातं.

बाटलीतलं तेल मोठ्या सिरिंजने उपसा, खाली ट्रे ठेवा. पाईप ओढून निघत नसेल तर बाटलीच्या प्लॅस्टिक नळीवर जोर लावू नका, ती तडकते. ब्लेडने पाईपला उभा काप द्या, पण नळीवर ओरखडा येऊ देऊ नका, त्या ओरखड्यातूनच पुढे पाझरतं. नवा पाईप निदान अडीच सेंटिमीटर आत सरकवा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. स्क्रूची क्लिप रबर दबेपर्यंतच कसा, जास्त कसली तर रबर कापतं.

बाटली उघडीच आहे तर तळाची जाळी बघून घ्या. गाळाने तुंबली असेल तर नवा पाईप लावूनही घूं आवाज जाणार नाही.

रात्रपाळी
हवा काढताना घाई करतात म्हणून भर घालतोय. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. बाटली भरा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, पंधरा-वीस वेळा. पातळी उतरेल, दुसऱ्याने लगेच भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून आयडलवर तेच परत करा. आधीच इंजिन लावलं तर पंप तेल-हवा घुसळतो आणि दुधाळ फेस होतो. झालाच फेस, तर इंजिन बंद करून तासभर तसंच ठेवा, हवा आपोआप वर येते.

शेवटची पातळी चाकं जमिनीवर ठेवून बघा. गार असताना कोल्डच्या पट्ट्यात, गरम झाल्यावर हॉटच्या. इंजिन बंद केल्याबरोबर पातळी एकदम वर उसळली तर आत अजून हवा आहे.

आणि एक, सांडलेलं तेल इंजिनच्या पट्ट्यावर (बेल्टवर) किंवा एक्झॉस्टवर गेलं असेल तर पुसून घ्या. तेलाने भिजून फुगलेला पट्टा घसरतो, तो बदललेलाच बरा. एक्झॉस्टवरचं तेल तापून पेटू शकतं, ते सगळं पुसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.