मदत हवी आहे: बरेच दिवस उभी असलेली स्प्लेंडर पुण्याहून नागपूरला न्यायची आहे

नमस्कार मंडळी,

माझी बदली नागपूरला झाली आहे, जूनमध्ये रुजू व्हायचं आहे. मी कोथरूडला राहते. दादाची २०१३ सालची स्प्लेंडर प्लस (एमएच १२, फक्त किकची, दोन्हीकडे ड्रम ब्रेक) तो परदेशी गेल्यापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. वर कव्हर आहे, पण मधल्या काळात कुणी सुरू केलेली नाही. दादा म्हणतो, तिकडे गाडी लागणारच आहे तर हीच घेऊन जा. मला गिअरची गाडी येते, याच गाडीवर शिकले आहे, त्यामुळे ती विकून दुसरी घ्यायची माझीही इच्छा नाही.

दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर, "ताई, तुम्ही काही बघू नका, गाडी घरून उचलतो, घरी पोचवतो." मला मात्र बघायचं आहे. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी मी स्वतः काय तपासायचं, आणि तिकडे ताब्यात घेताना, सही करण्याआधी, काय पाहायचं, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरची गाडी ट्रकने आली तेव्हा टाकीला मोठा पोचा होता आणि पुढचा काटा (फोर्क, ज्यात पुढचं चाक बसतं) वाकलेला होता. पावतीवर "माल सुस्थितीत मिळाला" अशी सही आधीच होऊन गेली होती, पुढे कुणी दाद दिली नाही.

आजची अवस्था सांगते. किक मोकळी फिरते, इंजिन जाम नाही. टाकीत थोडं जुनं पेट्रोल आहे, त्याला रंग-वॉर्निशसारखा उग्र वास येतो. बॅटरी गेलेली आहे. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर लगेच परत येत नाही. मागच्या टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसतात. पीयूसी संपली आहे. इन्शुरन्स चालू आहे, तो दादा ऑनलाइन भरत राहिला.

आता प्रश्न. आधी इथे दुरुस्त करून मग न्यावी, की तशीच नेऊन तिकडे करावी? रेल्वे बरी की ट्रक? आरसी दादाच्या नावावर आहे आणि तो इथे नाही, तर बुकिंगला अडचण येईल का? नागपूरला गेल्यावर आरटीओचं काही करावं लागतं का? ज्यांनी स्वतः गाडी अशी नेली आहे त्यांनी कृपया तपशिलात लिहावं. "चांगला ट्रान्सपोर्टवाला बघा" एवढ्याने माझं काम होणार नाही.

प्रतिसाद

ताई, दुरुस्ती इथेच करा. कारण साधं आहे. बंद गाडी पाठवली आणि तिकडे सुरू झाली नाही, तर बिघाड आधीचा की प्रवासातला हे कुणालाच सांगता येणार नाही. चालती गाडी द्या, चालती घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत्ता लगेच किक मारून बघू नका. आधी ते पेट्रोल पूर्ण काढा. जुनं पेट्रोल उडून जाताना मागे चिकट राळ सोडतं आणि ती कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जेटमध्ये, म्हणजे आतल्या बारीक भोकात, बसते. कॉकची (टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) नळी सोडवून टाकी धातूच्या कॅनमध्ये रिकामी करायची, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी ड्रेनचा स्क्रू असतो तो सैल करून खालच्या वाटीतलंही काढायचं. हे काम उघड्यावर, दिवसाउजेडी, पार्किंगच्या बाहेर. टाकीत टॉर्च मारून तांबूस गंज दिसतो का पाहा. दिसला तर टाकी धुऊनच पुढे जा, नाहीतर साफ केलेला कार्ब्युरेटर परत तुंबेल. कार्ब्युरेटर खोलून साफ करावा लागेलच. पेट्रोलची नळी वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

मग स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबा. उभ्या गाडीत सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं. कोरड्या भिंतीवर पिस्टन जोरात घासू नये म्हणून हे. इंजिन ऑइल बदला, या गाडीला १०डब्ल्यू३० लागतं, साधारण ९०० मिली. एअर फिल्टरचं झाकण नक्की उघडा. पार्किंगमधल्या गाड्यांत तिथे उंदरांनी चिंध्या भरलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत, वायरिंगही कुरतडतात.

बॅटरी नवी घ्यावी लागेल. तुमच्या मॉडेलला इंजिन सुरू व्हायला बॅटरी लागत नाही, पण हॉर्न आणि इंडिकेटरला लागते, आणि हॉर्नशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

ब्रेकचं ऐका. लिव्हर परत येत नाही म्हणजे एक तर केबल आतून गंजली आहे, नाहीतर ड्रममधला कॅम (ब्रेकचे पट्टे फाकवणारा भाग) आखडला आहे. बाहेरून तेल मारून हे सुटत नाही. चाक काढून ड्रम साफ करायला लावा, कॅमला ग्रीस, आणि केबल नवीनच टाका, स्वस्त असते. मागच्या टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१८ असेल तर २०१८ सालातला तेविसावा आठवडा. चिरा दिसत असतील तर आकडा काहीही असो, टायर बदला. टायरच्या नक्षीची खोली किती शिल्लक आहे हा मुद्दाच नाही, नागपूरच्या उन्हाळ्यात तडकलेला टायर धोक्याचा आहे. सुटे भाग नाना पेठेत मिळतील. बिल घ्या, जुने काढलेले भाग मेकॅनिककडून मागून घ्या.

एवढं झाल्यावर रोज थोडी चालवा. सिंहगड रोडच्या गर्दीत नको, सकाळी लवकर. ब्रेक, क्लच, गळती, सगळं तेव्हाच कळतं.

प्रतिसाद

माझं वेगळं मत. गाडी नीट झाली की कुणी अनुभवी सोबत घ्या आणि चालवतच न्या. शंभर सीसीची गाडी आहे, रमत गेलं तर दोन दिवसांत होतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा असा जुना रस्ता.

धागाकर्ती

सूचनेबद्दल आभार, पण हे मी करणार नाही. इतके दिवस उभी असलेली गाडी, नुकतीच उघडून बसवलेले ब्रेक, आणि सातशेच्या आसपास किलोमीटर ट्रकच्या रहदारीतून. माझा लांबच्या प्रवासाचा सरावही नाही. पहिल्या प्रतिसादातल्या दादांनी लिहिलेलं सगळं उतरवून घेतलं आहे, मेकॅनिकला तोच कागद देणार आहे. रेल्वेबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद

माझ्या नोकरीत बदल्या होत असतात, गाडी नेहमी रेल्वेनेच नेते. सांगते.

दोन प्रकार आहेत. तुम्ही त्याच गाडीने तिकीट काढून जात असाल तर मोटरसायकल "लगेज" म्हणून बुक होते, तिकीट दाखवावं लागतं. तुम्ही जात नसाल तर "पार्सल". पार्सल स्वस्त पडतं, पण जागा मिळेल तेव्हा जातं. तुम्ही जाणारच आहात, तर लगेजच करा.

गाडी निवडताना पुण्यातूनच सुटणारी बघा. मधल्या स्टेशनावर थोडा वेळ थांबणाऱ्या गाडीत घाईघाईने चढवतात, तिथेच आपटाआपटी होते. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून येते. पुण्याहून सुटून नागपूरलाच संपणारी मिळाली तर फारच उत्तम, उतरवायलाही सवड मिळते. काही गाड्यांच्या पार्सलच्या जागा ठेकेदाराकडे असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन विचारा की या गाडीला मोटरसायकल घेता का. आदल्या दिवशीच गाडी घेऊन जा, सुटण्याच्या तासभर आधी गेलात तर कुणी घेणार नाही.

टाकीत पेट्रोलचा थेंब राहता कामा नये. हे नुसतं तिथल्या बाबूचं म्हणणं नाही, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक वस्तू नेण्यासाठी तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. टाकी रिकामी केलीत तरी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहतं. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग खालचा स्क्रू सोडा.

पॅकिंग करणारे स्टेशनबाहेर मिळतात. गोणपाट, पुठ्ठा, सुतळी, हेच साहित्य. ते आपल्या सवयीने टाकी आणि हेडलाइट बांधतात. तुम्ही समोर उभं राहून क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, मागचा दिवा, इंडिकेटर आणि सायलेन्सर बांधून घ्या. आरसे घरीच काढून बॅगेत टाका. पावसाचे दिवस आहेत, चावीच्या भोकावर आणि स्विचवर आधी प्लॅस्टिक, मग गोणपाट. हँडल लॉक करू नका आणि गाडी न्यूट्रलला ठेवा. हमालांना ढकलता आली नाही तर ओढतात. पावतीवरचा क्रमांक, तुमचं नाव आणि "पुणे ते नागपूर" हे गाडीवर दोन ठिकाणी रंगवून किंवा घट्ट बांधलेल्या पट्टीवर हवं. एक पट्टी सुटली तर दुसरी राहते.

कागद: आरसी आणि इन्शुरन्सची प्रत, तुमचं ओळखपत्र, आणि दादाकडून सही केलेलं अधिकारपत्र त्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह. आणि एक, बुकिंगच्या वेळी गाडीची किंमत जाहीर करून त्यावरचा टक्केवारीचा आकार भरता येतो. तो भरला नाही तर नुकसानभरपाई वजनाच्या हिशोबाने मिळते, ती रक्कम अगदी किरकोळ असते. मी दरवेळी भरते.

नागपूरला उतरल्यावर वेळेत उचला, उशीर झाला की वारफेज (माल स्टेशनावर पडून राहिल्याचा आकार) लागतो.

प्रतिसाद

ट्रकचाच विचार झाला तर थोडक्यात. घरसामानासोबत नेत असाल तर गाडी केबिनकडच्या भिंतीला लागून उभी करायला सांगा, चालण्याच्या दिशेला तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये. साइड स्टँडवर कधीच नको. पट्टे हँडलच्या टोकांना न लावता खाली फोर्कच्या जोडाजवळ दोन्हीकडून, आणि मागे दोन. पुढचे शॉकअप थोडे दबतील इतकेच आवळायचे, पार बसवले तर ऑइल सील फुटतात. गाडीला टेकून कपाट नको.

इन्शुरन्सबद्दल कुणी लिहिलं नाही. ताई, पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे की पॅकेज, ते पाहा. आपल्याकडच्या पॅकेज पॉलिसीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना गाडीचं झालेलं नुकसान धरलेलं असतं, पहिल्याच विभागात लिहिलेलं आहे. थर्ड पार्टीत यातलं काही नाही.

आरटीओ: एनओसी आणि नवा नंबर हा विषय दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर येतो. एमएच १२ नागपूरला खुशाल चालवा. मालकी तुमच्या नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०, ते दादा सुट्टीवर आला की करा. पीयूसी मात्र इथेच काढा, आणि २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉलिसी उघडून पाहिली, थर्ड पार्टीच निघाली. दादाशी बोलले, पॅकेज मिळतं का ते तो विचारतो आहे. रेल्वेने, लगेज म्हणून, किंमत जाहीर करून न्यायचं ठरवलं आहे. देण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी, टाकीचे जवळून, आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढणार, पॅकिंगच्या आधी आणि नंतरही.

शेवटचा प्रश्न. नागपूरला टाकी रिकामी असणार आणि पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. मग घरी कशी न्यायची? आणि गोणपाट कुठे सोडायचं, घरी की तिथेच?

प्रतिसाद

गोणपाट तिथेच सोडा, पार्सल ऑफिसच्या आवारात, सही करण्याआधी. टाकी, काटा, लिव्हर, दिवे पाहा, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, थोडी ढकलून दोन्ही ब्रेक दाबून बघा. काही दिसलं तर लगेच तिथल्या अधिकाऱ्याकडून लेखी नोंद करून घ्या आणि मगच सही करा. एका छोट्या पिशवीत पाना, पक्कड, कात्री आणि आरसे वर ठेवा, मोठ्या बॅगेच्या तळाशी नको.

पेट्रोलसाठी गाडी जवळच्या पंपापर्यंत ढकलतच न्यावी लागेल. दुपारच्या उन्हात ते करू नका, किंवा कुणाला सोबत बोलवा. पेट्रोल भरल्यावर कॉक उघडा, दोन मिनिटं थांबा आणि कार्ब्युरेटरच्या खाली बोट फिरवून बघा. ओलं लागलं तर ड्रेनचा स्क्रू पूर्ण आवळलेला नाही. तो आवळा, पुसा, वास गेला की मगच किक मारा.