सल्ला हवा: ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफलाइन चालणारं एआय मॉडेल

कराडची_वकील:
नमस्कार मंडळी. दिवाणी वकिली करते. खरेदीखतं, फेरफार, सातबारे, दिवसभर हेच. लांबलचक दस्तांचा गोषवारा एआयकडून काढून घ्यावासा वाटतो, पण अशिलांचे कागद बाहेरच्या सर्व्हरवर चढवायचे नाहीत. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. भाचा म्हणतो मेटाचं (फेसबुकवाल्यांचं) लामा मॉडेल घे, ओपन सोर्स (कोणालाही मोकळेपणाने वापरता येणारं) आहे. घेऊ का?

चहाबाज:
ताई, जमेल. मार्च २०२३ मध्ये जॉर्जी गर्गानोव्ह नावाच्या प्रोग्रामरने लामा.सीपीपी हा प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून साध्या प्रोसेसरवरही ही मॉडेलं चालायला लागली. तुम्ही ओलामा (मॉडेलं उतरवून चालवणारं ॲप) टाका, सोपं पडेल. हिशेब असा: ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेल दर आकड्याला १६ बिट धरून १६ जीबी खातं, ४ बिटांवर दाबलं की ५ च्या आसपास. विंडोज आणि ब्राउझर धरून तुम्हाला १२ अब्जापर्यंत झेपेल. जेम्मा ३ चं १२ अब्जवालं आणि क्वेन ३ चं ८ अब्जवालं, दोन्ही उतरवून बघा. मराठीत मला जेम्मा उजवं वाटलं.
रॅमच्या पट्ट्या किती आहेत? प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) अख्खं मॉडेल रॅममधून वाचावं लागतं. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी, म्हणजे ५ जीबीच्या मॉडेलला ५ टोकन. दोन पट्ट्या असतील तर दुप्पट. बरेच जण प्रोसेसरला शिव्या घालतात, दोष पट्टीचा असतो.

खोडरबर:
भाच्याला सांगा, लामाची वेट्स (म्हणजे ते शिकलेले आकडे) मिळतात, पण ओपन सोर्सची व्याख्या ठरवणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्याला ओपन सोर्स मानत नाही. अटी आहेत. महिन्याला ७० कोटींच्या वर वापरकर्ते असले तर मेटाची वेगळी परवानगी लागते. (कराडात ही वेळ येईलसं वाटत नाही.) क्वेन ३ अपाची २.० या खुल्या परवान्यावर आहे, निर्धास्त वापरा.

बांधावरचा:
मॉडेल कुठलंही घ्या, आधी सातबाऱ्यावर तपासा. मी एकाला "पोटखराब क्षेत्र म्हणजे काय" विचारलं, तर त्याने अपचनावर ओव्याचं पाणी सुचवलं. तेही शुद्ध मराठीत, आत्मविश्वासाने!
दुसरं, कॉन्टेक्स्ट (मॉडेल एका वेळी किती मजकूर ध्यानात धरतं ती मर्यादा) वाढवून घ्या. देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात, त्यामुळे बारा पानी खरेदीखत मावत नाही आणि काही भाग गुपचूप गळतो. गोषवारा छान येतो, फक्त चतुःसीमा गायब. कॉन्टेक्स्ट वाढवलं की रॅमही जास्त लागते, म्हणून मी तरी ८ अब्जवालंच घेईन. स्कॅन असतील तर आधी टेसरॅक्ट या प्रोग्रामने अक्षरं काढा, त्यात मराठी आहे. हातानं लिहिलेल्या जुन्या फेरफारांना मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

चहाबाज:
+१. आणि ओलामा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वापरायचा म्हणून कोणी सेटिंगमध्ये ०.०.०.० हा पत्ता (म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना खुलं) टाकायला सांगितलं तर ऐकू नका. त्याला पासवर्ड नसतो. ऑफिसच्या वायफायवर बसलेला कोणीही ते वापरू शकेल.

कराडची_वकील:
सगळ्यांचे आभार. क्वेन उतरवलं. पोटखराब त्याने "लागवडीस अयोग्य" असं बरोबर सांगितलं, पण "आणेवारी" म्हणजे नाण्यांची मोजणी म्हणे. जेम्मा आज रात्री लावते.
लॅपटॉप उघडून घेतला. एकच पट्टी निघाली, शेजारचा खाचा रिकामा.